चार हंडे, एक रांजण

मेसच्या मावशी हंड्यांवर खडूने वार लिहायच्या. सोमवारचं पाणी संपायच्या आत कुणी मंगळवारच्या हंड्याला हात लावला, की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू! "टँकर काय तुझा मामा हाय का गं, बोलावला की यायला?" दुष्काळात अंबाजोगाईच्या आमच्या वसतिगृहाकडे टँकर आठ-आठ दिवस फिरकायचा नाही. तरी आम्हा मुलींना प्यायला पाणी कधी कमी पडलं नाही.

स्वयंपाकघरात मोठा रांजण होता, पण त्यात त्या पाणी साठवू द्यायच्या नाहीत. "हंड्यात पाल पडली तर एक हंडा ओतायचा. रांजणात पडली तर समदंच गेलं." पैशाचंही तसंच. थोडे पोस्टात, थोडे बँकेत, चार मणी गळ्यात. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, मेसच्या नोकरीला पेन्शन नाही. म्हातारपणी भावाच्या दारात पाण्याचा तांब्या मागायला जायचं नाही, हा एकच हट्ट. "माझ्या तांब्याची सोय मीच करणार," असं बोट नाचवून सांगायच्या.

माझ्यावर त्यांचा लई जीव. एका वर्षी घरून पैसेच आले नाहीत, तेव्हा दोन महिने त्यांनी मला आपल्या वाटणीतलं जेवू घातलं. वर दम दिला, "कुणाला बोललीस तर लाटणं घालीन."

शिक्षण झालं आणि मला एका पतसंस्थेत नोकरी लागली. साहेब म्हणाले, ठेवी आणा, नाहीतर मार्चनंतर येऊ नका. त्याच वर्षी मावशी रिटायर झाल्या, फंडाचे पैसे हातात आले. मी त्यांच्याकडे गेले. मी मेलीने पेढेसुद्धा नेले! बँकेपेक्षा जास्त व्याज कसं मिळतं ते घडाघडा सांगितलं. मावशींनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"नोकरीवर आलंय काय गं?"

मला रडूच फुटलं.

"रडू नको. देते. पोस्टातलं, बँकेतलं बी मोडून देते. पण एका पावतीत न्हाई हं. चार कर. चार हंडे."

मी चार पावत्या केल्या. दोन मुदतठेवीच्या, एक मासिक व्याजाची, एक दामदुप्पट. त्यांनी प्रत्येकीवर पेन्सिलीने वार लिहिला आणि समाधानाने पिशवीत ठेवल्या. पावत्या चार असल्या तरी पाणी एकाच रांजणात पडतंय, हे मला तिथेच कळत होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी गप्प बसले.

मी कायम झाले. दीड-दोन वर्षांत पाल पडली. संचालकांनी आपल्याच पाहुण्यारावळ्यांना कर्जं वाटली होती, ती बुडाली आणि शटरला कुलूप लागलं. माझी नोकरी गेली, त्याचं काही नाही. मावशी मात्र रोज येऊन रांगेत उभ्या राहायच्या. "एक बुडली आसंल, तर बाकीच्या तीन तरी द्या की," असं शिपायाला समजावून सांगायच्या. मी समोरच्या टपरीआडून ऐकत होते. पुढे जायची हिंमत झाली नाही.

शेवटी भाऊ त्यांना आष्टीला घेऊन गेला. वर्षभराने मी भेटायला गेले. तीच आमची शेवटची भेट. तिथेही दुष्काळच. ओसरीवर हंडे होते, पण एकावरही खडूचा वार नव्हता. मावशी किती हळू बोलायला लागल्या होत्या! आत पाहून म्हणाल्या, "वैनी, पोरगी लांबून आलीय. तांब्याभर पानी मिळंल का?" वहिनी वाईट नव्हत्या, कामात होत्या. तांब्या येईपर्यंत मावशी दाराकडे बघत राहिल्या.

मग म्हणाल्या, "चारी पावत्या एकाच रांजणातल्या हुत्या म्हणं. तुला ठाऊक हुतं का गं?"

"नाही, मावशी."

"मग बरं." त्यांचा चेहरा सैल झाला. "मला वाटलं, ठाऊक आसून बोलली न्हाईस. लई दिवस तेच टोचत हुतं बघ."

तांब्या माझ्यापुढे सरकवून त्या म्हणाल्या, "पी आधी. उन्हातनं आलीस."

मी ते पाणी प्याले.