गच्चीवरची वेधशाळा

पोरगी गच्चीवरून पडेल, ही भीती आईने केव्हाच गिळली होती. गिळता येत नव्हती ती वेगळीच. एक दिवस कोणीतरी हिच्या शब्दावर विसंबून निघेल आणि नेमकी त्याच दिवशी ही चुकेल.

पोरगी सव्वीस वर्षांची. दोनदा परीक्षेत आपटलेली. दिवसभर चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायची. उरलेला सगळा जीव गच्चीवर. तिथे तुटक्या झाडूच्या दांड्यावर ॲल्युमिनियमच्या दोन कांड्या फाकवून बसवल्या होत्या. त्यांची वायर अंगठ्याएवढ्या स्वस्त रिसीव्हरमध्ये, आणि तिथून जुन्या लॅपटॉपमध्ये. हवामानाचा उपग्रह डोक्यावरून जायला लागला की घड्याळासारखी टिकटिक ऐकू यायची आणि पडद्यावर ढगांचं चित्र ओळीओळीने उतरायचं. पहिलं चित्र आलं तेव्हा कपडे वाळत घालणाऱ्या शेजारणीलाच तिने मिठी मारली. शेजारीण अजून सांगते, "मला वाटलं, हिचं लग्न ठरलं!"

तिची थट्टा करण्याचा मान मामाचा. आईचा हा धाकटा भाऊ बेटावरच्या दीपगृहाला पाणी आणि डिझेल पोचवणारी लाँच चालवायचा. भाचीला तो 'वेधशाळा' म्हणायचा. पण गेल्या महिन्यात तिने सांगितलेला वारा तंतोतंत आला, आणि तेव्हापासून बेटावर निघायच्या दिवशी त्याचा फोन ठरलेला.

आज सकाळीही आला.

"काय वेधशाळा, जाऊ का राहू?"

"जा बिनधास्त. ढगांचा मोठा भोवरा आहे, पण पार उत्तरेला. तुझं बेट दक्षिणेला, तिकडे सगळं साफ."

"बंदरातल्या फळ्यावर हवामान अजून कालचंच लिहिलंय. तुझ्या भरवशावर निघतोय हं! अकराला सुटतो. बुडालो तर तुझ्या आईला तूच तोंड दे."

"मामा, जरा शुभ बोल की!"

उशीर झाला म्हणून ती चप्पल अर्धवट पायात अडकवून पळाली. बऱ्याच वेळाने आई तिचा चहाचा कप उचलायला खोलीत गेली.

पडद्यावर सकाळचं चित्र तसंच होतं. अशी चित्रं आईने ढिगाने पाहिली होती. किनारा नेहमी उजव्या हाताला. आज तो डावीकडे होता.

उपग्रह दक्षिणेकडून उत्तरेला जात असला की चित्र उलटं उतरतं, ते फिरवून घ्यावं लागतं, हे पोरीनेच तिला समजावलं होतं. लॅपटॉपशेजारच्या वहीत आजच्या तारखेपुढे 'दक्षिणेकडून उत्तरेला' असं स्वच्छ लिहिलं होतं. त्यापुढे 'फिरवलं' हा रोजचा शब्द नव्हता.

आईने लॅपटॉपच उचलून उलटा धरला. किनारा उजवीकडे आला. भोवरा खाली सरकला, दक्षिणेला, थेट बेटाच्या उरावर.

अकराला दहा मिनिटं कमी होती. बंदर सोडलं की लाँचवर रेंज नसते.

तिने पोरीला फोन लावला. पोरीनेच मामाला सांगितलं तर तिची चूक तिच्याच तोंडून सुधारेल, अब्रू राहील. पण घंटी वाजत राहिली; काचा घासताना फोन खणात असतो. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं. वारासुद्धा नव्हता. आपलंच काही चुकत असेल तर? आपल्याला यातलं कळतं किती? भाऊ फेरी रद्द करील, बंदरावर त्याचं हसं होईल आणि पोरीला पुन्हा कधी काही विचारणार नाही. अख्ख्या जगात तिला विचारणारा तो एकटाच. आणि आईने तिच्या पाठीमागे तिची चूक चव्हाट्यावर मांडली, हे ती कधी विसरेल?

घड्याळात आठ मिनिटं उरली होती.

विसरू नकोस बाई, ती मनात म्हणाली, महिनाभर बोलूही नकोस माझ्याशी. तिने तिसऱ्यांदा पोरीचा नंबर लावला नाही. भावाचा लावला.