सरांच्या मराठीतला शेवट

आम्हा नांदेडच्या सिनेमावेड्या मंडळींकडे सिनेमांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत, आणि त्यातले निम्मे एकाच सिनेमाचे! हॉलिवूडची जुनी, ब्लॅक अँड व्हाइट, हलकीफुलकी प्रेमकथा. जग तिला क्लासिक म्हणतं, म्हणून दरवर्षी एका रविवारी दुपारी आम्ही ती लावतो. इंग्रजी सगळ्यांना झेपत नाही. त्यामुळे इंग्रजीचे निवृत्त शिक्षक जाधव सर पडद्याशेजारी उभे राहून मराठीत सांगत जातात.

*

अर्धापूरचे केळीवाले माधवराव इंटरव्हलला हमखास विचारतात, "सर, औंदा तरी पोरीचा बाप लवकर तयार होतो का?" सिनेमा त्यांना पाठ आहे. सरही गंभीरपणे "बघू" म्हणतात.

*

एकदा पाहुण्या समीक्षकांनी हा सिनेमा इतकी वर्षं का टिकला, यावर तासभर व्याख्यान दिलं. चहाच्या वेळी माधवराव म्हणाले, "लई भांडतेत दोघं, पर जेवायला एकाच टेबलावर बसतेत. म्हणून टिकला." पाहुण्यांनी वही काढून ते लिहून घेतलं.

*

एका वर्षी मध्येच लाईट गेली. सर अंधारातच पुढचं सांगू लागले. पाऊण तास कुणी उठलं नाही. लाईट आल्यावर सिनेमा परत लावायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

*

सरांच्या पत्नी शैलाकाकू कायम पहिल्या रांगेत. लातूरच्या शाळेत त्यांची पर्मनंट नोकरी होती. सरांनी परस्पर नांदेडला बदली मागून घेतली आणि काकूंना नोकरी सोडावी लागली. "चाळीस वर्षं झाली, माफी मागायची राहूनच गेली. तिच्यासमोर तोंडच उघडत न्हाई," असं सर एकदा मला म्हणाले होते. वर्गात तासन् तास बोललेला हा माणूस! मला फार वाईट वाटलं.

*

यंदा मराठी सबटायटलवाली प्रत मिळाली. सरांना आराम म्हणून पहिल्यांदाच काकूंशेजारी बसवलं. स्टेशनवरचा शेवटचा प्रसंग आला. इथे हिरो हिरॉइनला म्हणतो, "तुला न विचारता ठरवलं, चुकलं माझं." सरांच्या तोंडून आम्ही ते दरवर्षी ऐकलेलं.

पडद्यावर अक्षरं आली, "गाडी सुटायला किती वेळ आहे?"

सगळे सरांकडे बघू लागले. सरांनी मान खाली घातली.

काकू म्हणाल्या, "ती अक्षरं बंद करा. जरा मागं घ्या, आन् ह्यांना सांगू द्या."