भिंतीवरचं लाल फूल

परवा समता कॉलनीत भाच्याच्या वाढदिवसाचे फुगे फुगवताना रबराचा वास आला, आणि रायपूरजवळच्या बीरगावच्या आमच्या पाऱ्यातली, म्हणजे आमच्या वस्तीतली, ती संध्याकाळ आठवली.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं आणि मी आमच्या घरातली पहिली बी.एस्सी. विहारासमोर जयंतीच्या कार्यक्रमात लेझर शो मीच केला होता. स्पीकरच्या तोंडावर फुग्याचं रबर ताणलं, त्यावर आरशाचा तुकडा चिकटवला आणि त्यावर लेझर सोडला. माइकवर कुणी बोललं की आरसा थरथरायचा, भिंतीवर लाल रेघांची नक्षी नाचायची.

बाबा कारखान्यातून तसेच आले. माइक धरून म्हणाले, "हे माह्या पोट्टीनं केलं!" आणि त्यांना खोकला आला. भिंतभर मोठं फूल उमललं. टाळ्या पडल्या. "काका, एक बार और!" पोरं ओरडली. बाबा हसून मुद्दाम खोकले, मग मात्र खोकला थांबेना.

कारखान्याची धूळ त्यांच्या छातीत बसलीय, हे डॉक्टरांनी पुढे सांगितलं. त्या गर्दीत ते एकट्या आईला ठाऊक असावं. "पुरे झालं आता," म्हणत तिनं माइक काढून घेतला, बंद केला.

भिंतीवर नुसता ठिपका उरला. बाबांचा खोकला तसाच ऐकू येत राहिला.