मलंगजानची अब्रू

पेशावरच्या त्या गल्लीत मलंगजानइतकी घट्ट बाज कोणी विणत नसे, आणि त्याच्याइतकी अब्रूही कोणी जपत नसे. बत्तीस वर्षांच्या संसारात त्याने बायकोचे नाव परक्या पुरुषापुढे एकदाही उच्चारले नव्हते. बाजांसाठी दोरी वळून वळून बादामाच्या बोटांची सालटी निघाली, पण गल्लीला ती फक्त ‘जरीनची आई’ म्हणून ठाऊक. याबद्दल पुरुष मलंगजानला फार मानत. त्या मानाची भाजी करता आली असती, तर बादामाला तो निदान उपयोगी तरी पडला असता.

सोमवारी सकाळी पोलिसांनी गल्लीतले सगळे अफगाण उचलले आणि एका जुन्या गोदामात रांगेत बसवले. मलंगजानचे निर्वासिताचे कार्ड ठीक निघाले. मग कारकुनाने बादामाला विचारले, “नाव?”

“बादामा.”

“कार्डावर तर फरजाना आहे.”

“ही कोण सटवी?” बादामाने बुरख्याआडून नवऱ्याकडे मान वळवली. “अहो, दुसरी कुठं ठेवलीय?”

रांग खो खो हसली. मलंगजान जमिनीकडे पाहत राहिला. सतरा वर्षांपूर्वी कार्डे निघाली, तेव्हा त्याने लाजेकाजेस्तव “लिहा काहीही” म्हटले होते, आणि तेव्हाच्या कारकुनाने आपल्या मेहुणीचे नाव ठोकून दिले होते. बादामाला वाचता येत नव्हते. इतकी वर्षे ती कुणाच्या तरी मेहुणीचे कार्ड ट्रंकेत जपत होती!

बादामाने यंत्रावर अंगठा ठेवला, तर तो उमटेना. रेषा दोरीने कधीच खाल्ल्या होत्या.

“चाचा, सोपं आहे,” कारकून जांभई देत म्हणाला. “मोठ्यानं सांगा, ही माझी बायको बादामा, कार्डावर नाव चुकलंय. मी लिहून घेतो, दोघं घरी जा. नाहीतर हिच्याकडे कागद नाही. दुपारच्या ट्रकनं ही तोरखमला, सीमेपार.”

बादामा जन्मली पेशावरात. सीमेपलीकडे तिचे कुत्रेही नव्हते, आणि इथे लेक जरीनला सातवा महिना लागलेला.

“ही जरीनची आई आहे,” मलंगजान पुटपुटला.

“ते नाव नाही, चाचा.”

“माझ्या घरचं माणूस आहे.”

“अहो, मी सगळ्यांसमोर सांगून बसलेय, आता झाकायचं काय राहिलंय?” बादामा कळवळली. “घ्या की नाव! पोरीचं बाळंतपण कोण करणार?”

मलंगजानने रांगेतल्या शेजाऱ्यांकडे पाहिले. मग एकदम ताठ झाला आणि आपले चांगले कार्ड टेबलावर आपटले. “मीही जातो हिच्याबरोबर. लिहा!”

“वाहवा!” रांगेतून कोणी ओरडले. “बायकोपायी घरदार सोडलं! मर्द असावा तर असा!” दोघातिघांनी त्याची पाठ थोपटली. कारकुनाने यादीत एक डोके वाढवले.

बादामाला किंचाळावेसे वाटले. एका शब्दात घर वाचत होते, लेक वाचत होती. नवऱ्याने दोन्ही घालवली आणि शब्द तेवढा वाचवला, वर शाबासकीही त्यालाच. तिला त्याची किळस आली.

ट्रकमध्ये बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. शहर मागे पडले तसा मलंगजानचा घसा सुकला.

“अगं, पाणी दे,” त्याने हुकूम सोडला.

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. बादामाने बाटली मांडीखाली सरकवली.

“बावीस बाया आहेत इथं,” ती म्हणाली. “नाव घेऊन मागा.”

मलंगजान तोरखमपर्यंत तसाच कोरड्या घशाने बसला.