शेवटची आठ पानं

वडशाच्या आमच्या वाचनालयात लोक वाचायला कमी आणि भांडायला जास्त येतात. तीस-बत्तीस वर्षं मी तिथला ग्रंथपाल, पण पुस्तकांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत. पुस्तकांना निदान वाळवी तरी लागते! त्यातले निम्मे किस्से एकाच प्रेमाच्या कादंबरीचे. जुनी, गाजलेली कादंबरी आणि आमच्याकडे तिची एकच प्रत. अख्ख्या गावानं तीच वाचली. नायक नोकरीसाठी नदीपलीकडे जातो, नायिका काठावर वाट पाहते आणि शेवटच्या ओळीत डोंगा, म्हणजे लहानशी होडी, येताना दिसतो. संपलं! बायका डोळे पुसतच पुस्तक परत करायच्या.

*

यंदा तिच्यावर पिक्चर आला. आम्ही चौघं चंद्रपूरला बघायला गेलो. मी, धानाची शेती करणारे नामदेवभाऊ, पुस्तकांचं बाइंडिंग करणारे रशीदभाई आणि शाळेतून रिटायर झालेल्या सुशीलाबाई.

पुस्तकातला नायक धोतर-कोटातला कारकून. पिक्चरमध्ये तो मोहर्लीच्या जंगलात वाघ बघायला येणाऱ्यांची जिप्सी चालवतो आणि गॉगल लावून झोपतोसुद्धा! पुस्तकात तो तिचा हात धरतो दीडशेव्या पानावर. इथे भेटल्याबरोबर गाणं!

नामदेवभाऊ मोठ्यानं ओरडले, "अबे, आधी तिचं गाव त विचार!"

अख्खं थेटर हसलं.

*

इंटरव्हलमध्ये सुशीलाबाई चिडून म्हणाल्या, "पुस्तकातली पत्रं कुठी गेली?"

पत्रांच्या जागी मेसेज होते. नामदेवभाऊ म्हणाले, "पत्र यायले आठ दिवस लागत, म्हणून प्रेम टिके. आता ब्ल्यू टिक दिसली का भांडणच!"

बाई हसल्या नाहीत. त्यांचं सगळ्या गावाला माहीत आहे. त्या शाळेत नव्या असताना वनखात्यातल्या एका बाबूची सिरोंच्याला बदली झाली. "येतोच" म्हणून गेला. दोन पत्रं आली, मग तीही बंद. बाईंनी मात्र आलेली सगळी स्थळं परत पाठवली. कोणी समजवायला गेलं की पुस्तकाचा दाखला द्यायच्या, "शेवटी डोंगा येते." मला त्या बाबूचा राग यायचा आणि पुस्तकाचाही.

*

पिक्चरच्या शेवटी डोंगा येतो. त्यातून तो उतरतो आणि मागून त्याची बायको! नायिका रडत नाही. त्याच डोंग्यात बसून पलीकडे निघून जाते.

सुशीलाबाई ताडकन उठल्या. "खोटं आहे हे! पुस्तकाची पार वाट लावली या पिक्चरवाल्यांनी!"

परतीच्या गाडीत रशीदभाई एक शब्द बोलले नाहीत. आम्हाला वाटलं, गाडी लागली असेल.

*

पिक्चरमुळे कादंबरीची नवी आवृत्ती निघाली. कव्हरवर तोच गॉगलवाला! पुरावा दाखवायचा म्हणून पार्सल बाईंनीच फोडलं आणि शेवट उघडला. डोंगा दिसल्यानंतर तिथे आणखी आठ पानं होती. त्याची बायको, नायिकेचं निघून जाणं, सगळं. पिक्चरवाल्यांनी सगळं बदललं होतं, फक्त शेवट सोडून!

नामदेवभाऊंना हसू आवरेना. "म्हणजे अख्खं गाव अर्धवट वाचून रडलं!"

मग त्यांचं लक्ष बाईंकडे गेलं आणि ते खाली वाकून पार्सलचा कागद गोळा करायला लागले.

*

दुसऱ्या दिवशी रशीदभाई आले. हातात पिवळी पडलेली आठ पानं.

"बाइंडिंगले आली तेव्हा पानं सुटी झाली होती, बाई. माझ्याकडून ती प्रत तुमच्याकडंच जाणार होती. तुम्ही रोज त्याची वाट पाहायले नदीवर जाऊन राह्यल्या होत्या. मले वाटलं, आत्ताच हे नको वाचायले. थोड्या दिवसानं लावून देईन."

"मंग काऊन नाई लावली?"

"तुम्ही खूश दिसत होत्या."

मला वाटलं, बाई आता त्यांच्या कानाखाली देतात. मी त्यांच्या जागी असतो तर दिली असती. बाईंनी पानं घेतली, उभ्या उभ्या आठही वाचली आणि कपाटातली जुनी प्रत काढून रशीदभाईंच्या पुढ्यात ठेवली.

"लावा."

"खळ वाळायले लई वेळ लागते, बाई. उद्या या."

सुशीलाबाई बाकावर बसल्या. पिशवी मांडीवर घेतली.

"थांबते मी. मले सवय आहे."