एका कोहळ्याची कबुली

आपला गुन्हा सिद्ध व्हावा म्हणून कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच होऊन गेला, आणि तो माझा व्याही होता. बाकीचे लोक निर्दोष सुटायला वकील करतात. आमच्या व्याह्यांनी सत्तरीत वकील केला तो आपण दोषी होतो हे कुणीतरी लिहून द्यावं म्हणून; आणि ते मिळेना, तेव्हा त्यांना जो मनस्ताप झाला तो मूळ शिक्षेनंही झाला नसेल.

व्याही वलगावचे. चार एकर काळी जमीन, तीत भाजीपाला, धुऱ्याच्या (बांधाच्या) कडेनं झेंडू आणि शेवंती. माणूस उंच, वाळलेला, खांद्यावर कायम पांढरा दुपट्टा. त्यांना खरं बोलायची खोड होती. खोड म्हणतो, कारण गुण म्हणावं इतका तिला धरबंध नव्हता. खरं बोलणारी माणसं मी पाहिली आहेत. ती विचारल्यावर खरं बोलतात. व्याही न विचारता बोलत. बाजारात वांगी तोलता तोलता गिऱ्हाइकाला सांगत, "यातले दोन किडके निघतीन, म्हणून दोन जास्तीचे टाकले." शेजारचा भाजीवाला कपाळाला हात लावी. लग्नात जेवले की यजमानाला गाठून "बुंदी मस्त होती, वरण करपलं होतं" एवढं सांगितल्याशिवाय मांडवाबाहेर पडत नसत. डॉक्टरांनी एकदा विचारलं, "गोळ्या वेळेवर घेता ना?" तर म्हणाले, "आठवण आली का घेतो, अन् आठवण मी ठेवत नाही."

माझ्या मुलाचं आणि त्यांच्या मुलीचं आपसात ठरलेलंच होतं. आम्ही दोघं नवराबायको केवळ रीत म्हणून वलगावला गेलो. सतरंजीवर टेकलो न टेकलो तोच हे म्हणाले, "साहेब, बोलणी पुढं न्यायच्या पह्यले एक आयका. मी सजा झालेला माणूस आहो."

माझ्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं. आतून विहीणबाईंचा आवाज आला, "झालं! सांगतलं का? चहा तं होऊ द्या म्हटलं होतं ना!"

मग चहाबरोबर सगळी हकीकत आली. बेचाळीस वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत हे अकोल्याच्या बाजारात माल घेऊन गेले होते. रस्त्यावरची दुकानं हटवायला आलेल्या एका सरकारी कारकुनानं यांचं झेंडूचं टोपलं लाथेनं उलटं केलं. यांच्या हाताशी कोहळं होतं. (लाल भोपळ्याला आम्ही कोहळं म्हणतो.) "फेकलं नाही साहेब, दोनी हातानं मारलं. फेकलं असतं तं नेम चुकला असता." सरकारी कामात अडथळा आणि मारहाण, असा खटला झाला. वकिलानं सांगितलं, नाही म्हण, साक्षीदार टिकणार नाहीत. न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? हे म्हणाले, आहे. कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा झाली. थोडा दंडही. हे संध्याकाळी पाचपर्यंत बाकावर ताठ बसले, न्यायाधीश उठले तसे उठले, त्यांना नमस्कार केला आणि वलगावला आले. पुरावा म्हणून जप्त झालेलं कोहळं ठाण्यात नासलं, याची हळहळ त्यांना शिक्षेहून जास्त होती.

"केवढं होतं हो?" माझ्या बायकोनं विचारलं.

"चार किलो भरलं असतं."

"मग लागलं असेल त्यांना."

"लागाले पायजे म्हणूनच मारलं ना, इहीनबाई."

लग्न ठरायच्या आधीच त्यांनी तिला विहीण करून टाकलं होतं, तेव्हा आम्हीही तारीख काढायला घेतली.

मुलगा आणि सून अमेरिकेत गेली. दोन वर्षांनी सुनेला दिवस राहिले आणि तिनं आईवडिलांना बोलावलं. मी कॉलेजातल्या ग्रंथालयात उमर घालवलेला माणूस. अर्ज भरणं माझ्याकडे आलं. कॉम्प्युटरवर पानामागून पान भरत गेलो आणि त्या प्रश्नाशी थांबलो: तुम्हाला कधी कुठल्या गुन्ह्यासाठी अटक किंवा शिक्षा झाली आहे का?

अमरावतीचा एक एजंट ओळखीचा होता. तो म्हणाला, "काका, नाही टाका अन् मोकळे व्हा. तवाचं अकोल्याचं कोहळं अमेरिकेतून कोनाले दिसते?" पुतणे हेच म्हणाले. खरं सांगायचं तर मीही हेच म्हणालो.

व्याही म्हणाले, "जजसायबानं इचारलं तवा हो म्हटलं. आता याइले नाही म्हणू? मंग त्या 'हो'चं काय करू?"

"अन् पोरीच्या बाळंतपणाचं काय करू, थे सांगा!" विहीणबाई कडाडल्या.

यावर ते बराच वेळ दुपट्ट्याचं टोक पिळत बसले. मग म्हणाले, "तू जाय." आणि माझ्याकडे वळून, "इवाई, हो लिहा."

मी हो लिहिलं.

मुंबईला मुलाखत झाली. विहीणबाईंना व्हिसा मिळाला. यांना काचेपलीकडच्या अधिकाऱ्यानं सभ्यपणे सांगितलं की अशी शिक्षा असलेल्याला व्हिसा देता येत नाही. मात्र विशेष सूट मागता येते. त्यासाठी कोर्टाचे कागद आणा, आणि घटनेबद्दल व पश्चात्तापाबद्दल स्वतःचं पत्र आणा. निकालाला कित्येक महिने लागतील. तेव्हा ज्या विहीणबाई कधी बडनेऱ्यापलीकडे एकट्या गेल्या नव्हत्या, त्या डिंकाचे लाडू घेऊन एकट्या अमेरिकेला गेल्या. नागपूरच्या विमानतळावर काचेचं दार लागल्यावरही हे तिथंच उभे होते. तपासणीत लाडू विचारले तर काय आहे ते खरं सांग, असं विहीणबाईंना अजून एकदा सांगायचं राहून गेलं होतं म्हणे.

मग आमच्या अकोल्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. नकला देणाऱ्या खिडकीतला माणूस चार वेळा शोधून म्हणाला, "आजोबा, नियमाप्रमाणे ती जुनी फाईल कधीच नष्ट झाली. तुमच्या नावावर काही नाही. खुशाल घरी जा."

"असं कसं काही नाही? मी पाचपर्यंत बसलो होतो ना बावा! त्या कोपऱ्यातल्या बाकावर!"

"बाकही बदलला, आजोबा."

त्याच आठवड्यात नातू झाला. फोनच्या चौकोनात दिसलेल्या लाल मुठीकडे पाहून व्याही म्हणाले, "कोनावर गेला थे हातात घेतल्याबिगर नाही समजत." आणि फोन माझ्याकडे दिला.

पत्राचंही घोडं अडलेलं होतं. मी मसुदा केला, त्यात 'मला मनापासून पश्चात्ताप होत आहे' अशी ओळ होती. त्यांनी ती खोडायला लावली. "का मारलं थे लिहा. पस्तावा नाही झाला, थो कसा लिहू?"

"अहो, एक ओळ आहे. तिच्यावाचून सूट मिळायची नाही."

"खोटं बोलूनच जायाचं होतं, तं पह्यलेच 'नाही' नसतं का लिहिलं?"

मी मसुदा घडी करून पिशवीत ठेवला.

वकिलानं वाट काढली. फाईल नष्ट झाल्याचा दाखला घ्यायचा, आणि तो मार खाल्लेला कारकून हयात असला तर त्याचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. शोध घेतला. तक्रारदार हयात होते, निवृत्त होऊन बार्शीटाकळीला आपल्या घरी राहत होते. आम्ही निघालो. एसटीत बसल्यावर पाहिलं, तर व्याह्यांच्या मांडीवर दुपट्ट्यात गुंडाळलेलं काहीतरी गोल होतं.

"हे काय?"

"रिकाम्या हातानं कोनाच्या घरी जात नसतेत."

"पण कोहळं? त्या माणसाकडे?"

"मंग काय नेऊ? वावरात सध्या हेच निघून राहिलं."

तक्रारदार ठेंगणे, गोरे, डोक्याला कानटोपी. मी दारातच मोठ्यानं ओळख करून दिली. त्यांनी व्याह्यांकडे पाहिलं, दुपट्ट्यातून डोकावणाऱ्या कोहळ्याकडे पाहिलं, एक पाऊल मागं सरून चौकट धरली आणि म्हणाले, "पह्यले थे खाली ठेवा. मंग बोलू."

कोहळं उंबऱ्याशी ठेवलं गेलं. चहा आला. आमचं काम ऐकून तक्रारदार इतके हसले की त्यांना ठसका लागला. "लिहून देतो ना! मारलं म्हंजे काय, साजरं मारलं! पण मी टोपलं लाथाडलं होतं, थेही लिहा. साहेबाचा हुकूम टोपलं उचलाचा होता, लाथाडाचा नव्हता."

व्याही खूश झाले. आपल्याच जातकुळीचा माणूस भेटल्यासारखे ते पुढे सरकून बोलू लागले, पण तक्रारदार दर वेळी मान वळवून उजवी बाजू पुढे करत. शेवटी व्याह्यांनी विचारलं, "कानाले काय झालं?"

"डावा नाही आयकत. तवापासून." त्यांनी हे घरात पाण्याचा नळ कोणत्या बाजूला आहे हे सांगावं तसं सांगितलं. "तसं काही अडलं नाही बापा. नोकरी झाली, समदं झालं. फक्त पोरगी लहान होती तवा, उजव्या कुशीवर झोपलो का तिचं रडणं मले आयकूच ये नाही. बायकोच उठे. तिले वाटे, हा सोंग घेऊन राहिला."

आणि ते पुन्हा हसले. व्याही हसले नाहीत. त्यांनी कपबशी खाली ठेवली. चहा तसाच राहिला.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, ते रिकामा दुपट्टा मांडीवर घडी करत आणि उलगडत बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा चहा व्हायच्या आत दारात उभे.

"इवाई, आता लिहा. पस्तावा होऊन राहिला."

"बरं झालं. लिहितो."

"पण पह्यलेपासून नाही. कालपासून, असं लिहा. पंचेचाळीस वर्षं होऊन राहिला, असं नोका लिहू."

मी लिहिलं. अर्जदाराला आपल्या कृत्याचा कालपासून मनापासून पश्चात्ताप होत आहे, हे वाक्य इंग्रजीत घालताना मला वाटलं, हा कागद तिकडे पोचला की संपलंच.

आठ महिन्यांनी सूट मिळाली. कालपासूनच्या पश्चात्तापावर कुणी विश्वास ठेवला, मला माहीत नाही. त्या माणसाला एकदा भेटायला आवडलं असतं. व्याही पोचले तेव्हा नातू भिंत धरून चालत होता. विमानतळावर यांनी न विचारताच सांगून टाकलं की पिशवीत कोहळ्याच्या बिया आहेत. बिया गेल्या. "पण थँक्यू म्हणला तपासणीवाला पोट्टा," हे त्यांनी मला फोनवर कौतुकानं सांगितलं. चौथ्या दिवशी पुन्हा फोन आला. "नातू दुपारी झोपेतून उठून रडला. मी दोनी कानानं आयकलं, इवाई."

तीन महिन्यांनी परत आले, ते आधी बार्शीटाकळीला जाऊन मग वलगावला गेले. पुढं दर दोन-तीन महिन्यांनी जात. काय बोलत असत, विचारलं नाही. गेल्या थंडीत एका दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत. तक्रारदार आजारी होते, त्यांना तेरवीला येता आलं नाही.

मागच्या आठवड्यात विहीणबाईंनी माळ्यावरचं एक कोहळं माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "याइच्या हातच्या वेलाचं हे शेवटचं. त्या भाऊंले नेऊन द्या." मी ते मांडीवर घेऊन एसटीनं गेलो. दारात तक्रारदारांनी मला पाहिलं, कोहळं पाहिलं. ह्या वेळी खाली ठेवा म्हणाले नाहीत. दोन्ही हात पुढे केले.

बाजेवर मी त्यांच्या शेजारी बसलो आणि हळूहळू सारं सांगू लागलो. ती दुपार, ते जेवण. ते समोर पाहत होते. आपण डाव्या बाजूला बसलो आहोत, यांना काहीच ऐकू जात नसणार, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. उठून पलीकडे जाऊ लागलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"बसा तिकडंच," ते म्हणाले. "थो कान त्याइचाच हाये."