सासूबाईंच्या मापाची होडी

माझ्या सासऱ्यांना पोहता येत नाही, सुतारकाम येत नाही, आणि दुसऱ्याचं ऐकणं तर मुळीच येत नाही. एवढ्या भांडवलावर त्यांनी घरीच लाकडी कयाक बांधायचं ठरवलं.

बाबा शिंपी. खाली दुकान, वर आम्ही. निमित्त झालं आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याचं. ऑपरेशननंतर तो वाकायचाच बंद झाला. रिक्षात बसल्या की पाय बाहेर, थिएटरात बसल्या की पाय लोकांच्या वाटेत. "जो तो माझ्याच पायाला अडखळतो," असं म्हणत म्हणत त्यांनी बाहेर पडणं सोडलं. खिडकीपाशी खुर्ची, पुढ्यात स्टूल, स्टुलावर पाय. जिच्या आवाजावर घर चालायचं ती बाई दिवसचे दिवस गप्प. ते गप्प बसणं आम्हाला खायला उठायचं.

मग बाबांनी कुठेतरी कयाकचा फोटो पाहिला. चिंचोळी होडी, वरून झाकलेली, मधे भोक, आणि भोकात माणूस पाय लांब करून बसलेला.

"अगं, हिच्यात पाय वाकवायचाच नसतो!" बाबा ओरडले. "तुला तळ्यावर नेतो."

"मी येणार नाही," आई म्हणाल्या.

"बाबा, तळ्यावर भाड्याने मिळतात की," माझा नवरा म्हणाला.

"रेडिमेड?" बाबांनी असं विचारलं की नवरा मुकाट्याने आंघोळीला गेला.

झालं, नमुना निवडायचं काम सुरू झालं. पहिला नमुना लाकडाच्या बारीक पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवायचा. तो "डोळे फुटतील" म्हणून बाद. दुसऱ्यात लाकडी सांगाडा करून वर कापड ताणायचं. मला वाटलं, कापड म्हटल्यावर शिंपी खूश होणार. कसलं काय! "जन्मभर कापडच हाताळलंय, म्हणून तर सांगतो, त्याचा भरवसा नाही," बाबा म्हणाले. तिसऱ्यात प्लायवूडचे तुकडे कापून तांब्याच्या तारेने एकमेकांना टाचायचे, सांधे डिंकासारख्या रसायनाने पक्के करायचे आणि मग तारा उपसून टाकायच्या.

"म्हणजे धावदोरा!" बाबांचा चेहरा उजळला. "हे तर मी झोपेतही करीन."

पण टाक्यांच्या होड्यांतही प्रकार किती! बाबा एकेक चित्र लांब धरून गिऱ्हाईक न्याहाळावं तसं न्याहाळायचे. ही फार सडपातळ, पाण्यात डोलेल. हिला पाठीत झोल आहे. ही अंगाने बरी, पण नाक फार वर. मी म्हटलं, "बाबा, होडी बांधायची आहे की सून शोधायची आहे?" त्यावर म्हणाले, "सून शोधताना एवढं बघितलं नव्हतं." मी दोन दिवस त्यांच्या चहात साखर कमी घातली.

अखेर एक एकटीने बसायची होडी पसंत पडली. आई आत, बाबा काठावर दोरी धरून, असा बेत होता. पण ट्रायल घेतल्याशिवाय बाबा लाकडाला हात लावतील तर शपथ! त्यांनी फ्रिजच्या खोक्यांचा पुठ्ठा कापला, दाभणाने शिवला आणि दिवाणखान्यात अख्खी होडी मांडली. आईंचं माप मात्र घेतलं नाही. "बायकोचं माप मला तोंडपाठ आहे," ही त्यांची जुनी बढाई. पाठ होतं ते लग्नाच्या साली घेतलेलं.

आम्ही दोघांनी धरून आईंना पलंगावरून आत सरकवलं. पाय सुळ्ळकन आत गेले. आई मात्र भोकापाशी अडल्या. बाबा म्हणाले, "श्वास सोड." आईंनी सोडला, पुठ्ठा करकरला आणि त्या एकदाच्या आत बसल्या. पण बाहेर निघेनात. नवऱ्याने होडी ओढली, मी आईंना ओढलं, तर दिवाणखानाभर सगळी वरात फिरली.

"थांब, कातर आणतो," बाबा गडबडले.

"काही नको," आई म्हणाल्या. "आणि ओढू नका रे, मी काय गोणी आहे? ती केरसुणी दे इकडे."

मी केरसुणी दिली. आईंनी ती वल्ह्यासारखी दोन्ही हातांत आडवी धरून डावीकडे एक, उजवीकडे एक असे हात मारले. मग पाठ टेकली, पाय तसेच सरळ. त्यांच्या पायासाठी कुणाला सरकावं लागत नव्हतं, आणि त्यांना कुणाची माफी मागावी लागत नव्हती. "अगं, दूध उतू जातंय, लक्ष कुठाय तुझं?" त्या माझ्यावर कडाडल्या. किती दिवसांनी ओरडल्या! मला भरून आलं. दूध गेलंच उतू.

"येतेस मग?" बाबांनी हळूच विचारलं.

"येईन. पण काठावरून मला दोरीने ओढलंत तर खबरदार. तुम्हीही आत बसायचं."

म्हणजे पुठ्ठा कापून आईंना बाहेर काढायचं आणि निवड पुन्हा पहिल्यापासून! या खेपेला दोघांची होडी, रुंद बुडाची, ऐसपैस भोकांची. टेपने माप घेऊन बाबांनी नवा पुठ्ठा शिवला आणि आईंना पुढच्या जागेकडे हात दाखवला. "मागे मी बसतो. मागच्याने वळवायची असते."

आई जागच्या हलल्या नाहीत. "मागे मी बसणार."

"अगं, तुझा पाय..."

"पाय गेलाय, अक्कल नाही. ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही माझ्या मागे हात पसरून चालताय, आता पडते की मग पडते करत. तुमच्या पावलांचा आवाज ऐकूनच माझा तोल जातो."

बाबांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही छताकडे पाहिलं.

शेवटी ते पुढच्या भोकात जाऊन बसले. आम्ही आईंना मागे बसवलं. त्यांनी केरसुणी उचलली.

"मागे वळून बघायचं नाही," आई म्हणाल्या.

बाबांची मान अर्धी वळली होती. त्यांनी ती तशीच पुन्हा पुढे नेली.